शेतकरी गटाची नावेतून शिवारफेरी : पूर्वतयारी व सामानाची बांधाबांध

तापीकाठची शेती काठावरून दिसते त्याहून पाण्यातून अधिक चांगली उमगते. कोठे दरड ढासळून जमीन नदीत जात आहे, कोठे पाणी ओसरल्यावर गाळपेरीस जागा मोकळी होते, हे नावेतून एका दिवसात ध्यानात येते. जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे पूर्णा नदी तापीस मिळते. तेथून खाली भुसावळ तालुक्यात हतनूर धरण असून त्याचा फुगवटा या संगमापर्यंत येतो. अशा ठिकाणी गटाची शिवारफेरी काढू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टींचा विचार करावा.

दिवस व वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले जातात व पाण्याचा भरवसा राहत नाही. तेव्हा फेरी काढूच नये. वैशाखातील खानदेशचे ऊन तर सर्वांच्या परिचयाचे आहे. हिवाळ्यातही धुके विरल्यावर निघावे आणि सूर्यास्तापूर्वी दोन तास काठ गाठावा. जलाशयावर जाण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी व पाणी सोडण्याचा काही बेत आहे काय, याची चौकशी करावी. परतण्याची वेळ गावातील एका जबाबदार माणसास लिहून द्यावी.

वजनाचा हिशेब

नावेची वाहनक्षमता परवानापत्रावरून पाहावी. नुसत्या अंदाजावर विसंबू नये. समजा, क्षमता 750 किलो आहे. नावाड्यासह 10 माणसे, सरासरी 65 किलोप्रमाणे 650 किलो झाली. माणशी 3 लिटर पाणी, म्हणजे 30 किलो. माणशी 4 किलो सामान, म्हणजे 40 किलो. दोर, जादा वल्हे व इतर साहित्य 20 किलो. एकूण 740 किलो. येथे अकराव्या माणसास जागा नाही, हे उघड आहे. सर्वजण बसल्यावर नावेचा काठ पाण्यापासून किमान वीतभर वर राहिला पाहिजे. तो तसा राहत नसेल, तर कागदावरील आकडा काहीही असो, माणसे उतरवावीत.

बरोबर घ्यावयाचे सामान

1. प्रत्येकास त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट. ते बसण्याच्या जागेखाली न ठेवता अंगावर बांधावे. जाकिटे जितकी, माणसे तितकीच.

2. एक जादा वल्हे, पाणी उपसण्यासाठी डबा, 15 मीटर मजबूत दोर व शिटी. घट्ट झाकणाचा 5 लिटरचा रिकामा डबा दोरास बांधून ठेवल्यास पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकता येतो.

3. पिण्याचे पाणी घरून न्यावे. नदीचे पिऊ नये. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी वापरू नये.

4. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा व केळी ही शिदोरी दिवसभर टिकते. थोडे मीठ व साखर जवळ असावी. 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी करता येते.

5. प्रथमोपचार पेटी, टोपी किंवा उपरणे व कोरड्या कपड्यांचा एक जोड.

6. नोंदवही, भ्रमणध्वनी व मातीचे नमुने जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत तोंड बांधून ठेवावेत.

जड सामान नावेच्या तळाशी, मध्यभागी ठेवावे. हलके सामान दोन्ही बाजूंस सारखे वाटावे. काहीही सैल ठेवू नये. मात्र दोराचे वेटोळे माणसाच्या पायाशी येऊ देऊ नये.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी अशीच एक फेरी काढली होती. नाव दहा जणांची होती. काठावर चौदा जण जमले. त्यांत एक वृद्ध शेतकरी आपल्या नातवास घेऊन आले होते. “साहेब, आमचा सारा जन्म तापीकाठी गेला. दोन माणसांनी काय बिघडते?” असे ते म्हणाले. मी भिडेस पडलो व त्या दोघांना घेतले. थोडे अंतर जाताच ढासळलेली दरड पाहण्यास सर्वजण एका बाजूस सरकले आणि नावेत पाणी शिरले. पाणी कमरेइतकेच होते, म्हणून निभावले. नमुने व नोंदवही गेली. आबांना पोहता येत होते. नातवास येत नव्हते, आणि त्याच्या अंगावर जाकीटही नव्हते. चूक नावाड्याची नव्हती, माझी होती. जानेवारी 2019 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या पाण्यात गर्दीने भरलेली नाव उलटून काहींचे प्राण गेले. तेथे पाणी कमरेइतके नव्हते.

निघण्यापूर्वी सांगावयाच्या गोष्टी

नावेत उभे राहू नये व सर्वांनी एका बाजूस झुकू नये. कोणी पाण्यात पडल्यास त्यामागे उडी न घेता दोर फेकावा. नाव उलटल्यास तिला धरून राहावे. काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नये. नावाड्याने परत फिरण्यास सांगितल्यास वाद घालू नये.

उरलेल्यांसाठी दुसरी फेरी काढता येते. म्हणून ‘नाही’ म्हणावयाचे ते काठावरच म्हणावे. पाण्यात गेल्यावर त्याचा उपयोग होत नाही.