तंटा, लवाद आणि मध्यस्थ

एका छपराखाली चार माणसे काम करू लागली की कुरबुर ही आलीच. गिरणी असो, पेढी असो, वा विश्वस्त संस्थेचे वसतिगृह असो. पगार, रजा, कामाची वाटणी आणि मानपान यांवरून तंटे व्हावयाचेच. ते मिटविण्याचा एक शहाणा मार्ग मध्यस्थीचा होय. त्याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम शब्दांचा उलगडा. उभय पक्षांनी मान्य केलेला पंच दोन्ही बाजू ऐकून निकाल देतो व तो उभयतांस पाळावा लागतो, हा लवाद. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांस बोलते करतो. तडजोड त्यांनीच करावयाची असते. म्हणूनच ती टिकण्याचा संभव अधिक. आपण होऊन कबूल केलेली गोष्ट मोडताना माणसास संकोच वाटतो.

आम्हां बडोदेकरांस जवळचे उदाहरण अहमदाबादचे. 1917 साली तेथे प्लेग आला. कामगारांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून गिरणीमालकांनी त्यांस बोनस दिला. साथ ओसरल्यावर तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र कायम होती. कामगारांची मागणी 50 टक्के वाढीची होती, मालक 20 च्या पुढे जाईनात. प्रकरण पंचांकडे सोपविण्याचे ठरले. पण मध्येच काही गिरण्यांत संप झाला आणि मालकांनी अंग काढून घेतले. 22 फेब्रुवारी 1918 रोजी टाळेबंदी झाली. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूस त्यांचीच बहीण अनसूयाबेन! गांधीजींनी हिशेब पाहून 35 टक्के रास्त ठरविले, आणि तेवढे मिळाल्याखेरीज कामावर न जाण्याची कामगारांनी शपथ घेतली.

15 मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले. 18 मार्चला तोड निघाली. पहिल्या दिवशी 35 टक्के, दुसऱ्या दिवशी 20 टक्के, आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस. पहिल्या दिवसाने कामगारांची शपथ राखली, दुसऱ्याने मालकांचा शब्द राखला. लवाद म्हणून आनंदशंकर ध्रुव नेमले गेले. त्यांनी अखेर 35 टक्केच दिले.

यातून दोन धडे घ्यावयाचे. एक, पैशाइतकाच मानाचाही प्रश्न असतो. दोघांसही मान खाली न घालता घरी जाता आले पाहिजे. दुसरा, मध्यस्थ कोणत्याही पक्षाचा नसावा. गांधीजी कामगारांचे पुढारी होते. आपल्या उपोषणाचे दडपण मालकांवर आले, हा दोष त्यांनी स्वतःच मान्य केला आहे.

आता घरची गोष्ट. एका संस्थेच्या कचेरीत दोघा कारकुनांचे कित्येक महिने बोलणे बंद होते. वाद हजेरीपटाचा म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. पुढे कळले की, वडील आजारी असताना मागितलेली रजा एकाला दुसऱ्याने सर्वांदेखत नाकारली होती. आम्ही मध्ये पडलो तोवर पहिल्याने राजीनामा दिला होता. पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस गेला. त्याचा दोष आमच्या दिरंगाईचा.

म्हणून विश्वस्तांनी इतके करावे. तंटा कोवळा असतानाच दोघांसही मान्य असा तटस्थ गृहस्थ वा बाई नेमावी. मध्यस्थाने प्रत्येकाचे आधी एकट्याचे ऐकावे आणि ते दुसऱ्यास सांगू नये. मग दोघांस समोरासमोर बसवावे. ठरेल ते कागदावर लिहून सह्या घ्याव्यात, आणि महिन्याने पुन्हा विचारपूस करावी.

मात्र सगळेच तंटे मध्यस्थीचे नव्हेत. अफरातफर वा मारहाण असेल तर चौकशीच हवी. स्त्रीच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत 2013 च्या कायद्याप्रमाणे समेटाचा प्रयत्न तिने मागितला तरच करता येतो, आणि तोही पैशाच्या देवघेवीवर नव्हे.

संस्था इमारतींनी उभी राहते, पण टिकते ती माणसांनी. आपल्या कचेरीत आज कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, एवढे प्रत्येक विश्वस्ताने उद्या सकाळी पाहावे.