स्कोप आहे, पण कशात?

निकाल लागले की पालकांचा प्रश्न ठरलेला: "पर्यावरण वगैरे ठीक आहे हो, पण त्यात स्कोप आहे का?" आहे. मात्र नावात ‘ग्रीन’ आहे म्हणून एखाद्या पदवीमागे धावू नका. आधी एक विद्या पक्की हवी: आर्किटेक्चर, सिव्हिल, नाहीतर कृषी.

पुढचं सगळं जोडकाम. ते बघायला शिरूर तालुक्यातल्या पाबळला जा. डॉ. श्रीनाथ कलबाग मूळचे अन्नतंत्रज्ञ. कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. वर्षभराच्या निवासी पदविकेला आठवी पास पुरते. तिथला मुलगा वेल्डिंग करतो, बांधकामाला हात लावतो, रोपं वाढवतो आणि चिक्कीचा खर्चही मांडतो.

हे कौशल्य शहरातही लागतं. सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, त्याची स्लरी गच्चीवरच्या भाजीला, न्हाणीघरातलं पाणी गाळून झाडांना, हे सगळं नकाशातच बसवावं लागतं. नंतर सुचलं तर फोडाफोड आलीच. आता अडचण बघा: भिजलेल्या मातीचा स्लॅबवर किती भार येतो हे कृषीवाल्याला ठाऊक नसतं आणि टोमॅटोला किती ऊन लागतं हे आर्किटेक्टला. दोन्ही जाणणारा माणूस शोधून सापडत नाही.

आणि हे नुसत्या पुस्तकातून येत नाही. भिंतीचंच घ्या. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या पद्धतीत विटा कडेवर उभ्या रचतात. मध्ये पोकळी राहते, खोली कमी तापते आणि विटा साधारण पाव हिश्शाने वाचतात. पुस्तकात अर्ध्या पानाचा विषय. पण ओळंबा धरून चार थर रचल्याशिवाय कळत नाही.

आता प्रवेशाचं: आर्किटेक्चरला ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षा आणि पाच वर्षं, बी.एस्सी. कृषीला सीईटी आणि चार. दहावीनंतर सिव्हिल डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पुढे आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. आहे. हरित इमारतींसाठीच्या ‘गृहा’ किंवा आयजीबीसीच्या परीक्षा थोडं काम केल्यावर द्या. साइट न पाहिलेल्याच्या प्रमाणपत्राला मुकादमसुद्धा विचारत नाही.

पगार? पहिली काही वर्षं आयटीतल्या मावसभावाशी तुलना टाळलेली बरी. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा बोर्ड वाचाच, पण तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, "सेमिस्टरमध्ये साइटवर किती वेळा नेतात रे?"