लस, आहार आणि स्वमग्नता : पालकांची एक शंका

गोवराची लस नको म्हणणारे पालक आमच्या बालरुग्ण विभागात अधूनमधून येतात. थोरल्याला लस टोचली आणि त्याचे बोलणे थांबले, म्हणून धाकट्याला ती नको, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांचे निरीक्षण आम्ही खोटे मानीत नाही. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते आणि स्वमग्नतेची लक्षणेही बहुधा याच सुमारास ध्यानी येतात. आम्ही हिशेबाची माणसे. खतावणीत लागोपाठ आलेल्या दोन नोंदी एकाच व्यवहाराच्या असतातच असे नाही, एवढे आम्हांस ठाऊक आहे.

ही भीती पसरली ती १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या १२ मुलांवरील लेखामुळे. नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही.

गहू व दूध वर्ज्य केल्याने स्वमग्नता दूर होते, यालाही भक्कम पुरावा नाही. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी दिल्याने काही बिघडत नाही. परंतु मोजके चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दूधही तोडले, तर कॅल्शियम कोठून मिळावे? असा बदल करण्यापूर्वी पालकांनी आमच्या आहारतज्ज्ञांस अवश्य भेटावे. धाकट्याची राहिलेली लसही त्याच दिवशी देता येईल.