महाजालावरील दुकान आणि मुक्तस्रोत आज्ञावली

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे तेथे येऊन स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. याच शहरात हुडको नावाची वसाहत आहे. समजा, या वसाहतीतील एक गृहिणी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुर्डया आणि दिवाळीचा फराळ घरी तयार करून विकते. आरंभी तिचे ग्राहक शेजारपाजारचेच असतात. मागणी फोनवर येते, पैसे यूपीआयने मिळतात आणि हिशोब वहीत राहतो. पाच-पंचवीस मागण्यांना एवढी व्यवस्था पुरेशी आहे. तेवढ्यासाठी संगणकावर दुकान थाटणे म्हणजे वाटीभर पिठासाठी गिरणी घालणे होय. परंतु रायपूर आणि नागपूरहूनही मागण्या येऊ लागल्या, की वही अपुरी पडते. दिवाळीच्या आठवड्यात चकलीचा एकच डबा उरलेला असतो आणि त्याचे पैसे दोघांकडून घेतले जातात. मग दुकान महाजालावर नेण्याचा विचार सुरू होतो.

अशा दुकानाच्या मुळाशी असलेल्या आज्ञावलीला शॉपिंग कार्ट, म्हणजे खरेदीची टोपली, असे म्हणतात. तिचे काम वाटते तितके साधे नाही. ब्राउझर सर्व्हरकडे एक पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि दोघांचा संबंध तेथेच संपतो. पुढचे पान मागणारा ग्राहक तोच आहे, हे सर्व्हरला मुळात कळत नाही. म्हणून ब्राउझरजवळ कुकी नावाची लहानशी खूण ठेवली जाते आणि त्या खुणेवरून कोणाच्या टोपलीत काय आहे हे ओळखले जाते. त्यानंतर शिल्लक माल तपासणे, कर व टपालखर्च मिळवणे, पैसे आल्याची खात्री करणे आणि बिल तयार करणे ही कामे ओळीने येतात.

ही आज्ञावली काही कंपन्या मासिक भाड्याने देतात. दुसरा मार्ग मुक्तस्रोत आज्ञावलीचा. तिची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि परवान्याच्या अटी पाळून पुढे देता येते. ‘मुक्त’ म्हणजे ‘फुकट’ असा समज सर्वत्र आढळतो, पण तो अर्धाच खरा आहे. आज्ञावलीचे मोल द्यावे लागत नाही. सर्व्हरचे भाडे, संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क आणि देखभालीची मजुरी मात्र द्यावीच लागते.

या स्वातंत्र्याचा खरा उपयोग कोणता, हे इतिहासावरून कळते. २००० साली जर्मनीत हॅराल्ड पोन्से द लिऑन यांनी ओएस-कॉमर्स या आज्ञावलीचा आरंभ केला. तिची वाटचाल न पटलेल्या काहींनी २००३ साली तीच संहिता घेऊन झेन कार्ट ही वेगळी शाखा काढली. २०११ साली वू-कॉमर्सही जिगोशॉप नावाच्या आधीच्या आज्ञावलीतून असेच निघाले. मूळ कर्त्याशी मतभेद झाले तरी काम अडले नाही, कारण परवान्यानेच तशी मुभा दिली होती.

या स्वातंत्र्याबरोबर येणारी जबाबदारी मॅजेन्टोच्या उदाहरणात दिसते. २००८ साली आलेली ही आज्ञावली मोठ्या दुकानांत लोकप्रिय झाली आणि २०१८ साली अॅडोबी कंपनीने ती विकत घेतली. तिच्या पहिल्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ जून २०२० मध्ये थांबला. नव्या आवृत्तीवर जाणे खर्चाचे असल्याने अनेक दुकानदार जुन्यावरच राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये काही दिवसांत जवळजवळ २,००० दुकानांत चोरट्या ओळी घुसवल्या गेल्या आणि ग्राहक कार्डाचा क्रमांक टंकित असतानाच तो पळवला जाऊ लागला. त्यांतील बहुतेक दुकाने पहिल्या आवृत्तीवर चालत होती. त्याच जुन्या आवृत्तीची डागडुजी ओपनमेज नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पाने पुढे चालू ठेवली होती. पण ती दुरुस्ती आपल्या दुकानात बसवून घेणे दुकानदाराचेच काम होते.

म्हणून हुडकोतील गृहिणीने पहिला प्रश्न ‘कोणती आज्ञावली उत्तम?’ हा विचारू नये. ‘सांभाळणार कोण?’ हा प्रश्न आधी येतो. हौशी भाच्याने दुकान बसवून दिले आणि तो नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेला, तर सुधारणा कोण बसवील? असे माणूस जवळ नसेल, तर भाड्याची सेवा घेणे अधिक शहाणपणाचे. तसे माणूस असेल, तर वीस-पंचवीस पदार्थांच्या दुकानाला वू-कॉमर्स किंवा ओपनकार्ट पुरते. मॅजेन्टोला जबर सर्व्हर लागतो आणि जाणकार तंत्रज्ञही. घरगुती फराळाला तो डोलारा झेपणारा नाही.

निवड ठरवण्यापूर्वी काही दिवस खोट्या मागण्या नोंदवून पाहाव्यात. एक मागणी दुर्गची असावी आणि एक नागपूरची. दुर्ग छत्तीसगडातच असल्यामुळे तेथील बिलावर करपात्र मालाचा केंद्रीय आणि राज्य असा दोन भागांतला जीएसटी लागतो. नागपूर महाराष्ट्रात असल्याने तेथे एकात्मिक जीएसटी लागतो. परराज्यात करपात्र माल विकायचा तर सामान्यतः जीएसटी नोंदणीही आधी करावी लागते. अनेक टोपल्या परदेशात घडलेल्या असल्यामुळे ही विभागणी जोड-आज्ञावली बसवल्याशिवाय नीट होतेच असे नाही. बिल छापूनही पाहावे. पडद्यावर ‘कुर्डया’ हा शब्द ठीक दिसतो आणि कागदावर त्यातील रफार भलतीकडेच जाऊन बसतो, असा अनुभव काही प्रणालींत येतो.

पैशांच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. ग्राहकाने तो क्रमांक दुकानाच्या पानावर न भरता पैसे स्वीकारणाऱ्या मान्यताप्राप्त कंपनीच्या पानावर भरावा, अशी जोडणी निवडणे चांगले. मॅजेन्टोच्या दुकानांत ग्राहक क्रमांक जेथे भरत होते, तेथेच चोर टपून बसले होते.

शेवटी, बाहेर पडण्याची वाट आधीच पाहून ठेवावी. संकेतस्थळाचे नाव गृहिणीच्या स्वतःच्या नावावर नोंदवावे, बसवून देणाऱ्याच्या नव्हे. मागण्या, पत्ते व पदार्थ यांची संपूर्ण यादी साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते की नाही, हे पाहावे. शिवाय दर आठवड्याला सगळ्या दुकानाची प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी आणि एकदा तरी ती दुसऱ्या संगणकावर उभी करून, दिवाळीची गर्दी सुरू होण्यापूर्वीच, नागपूरची ती मागणी तिच्यात सापडते का ते तपासावे.