बादली घेऊन धावलेली मुलगी

मु. पो. माकुणसार, ता. पालघर
रविवार, सायंकाळ

चि. बाळू यास,


हे सारे फोनवर बोलता आले असते. परंतु फोनवर तू ‘हो काका, हो काका’ म्हणत राहतोस, मी ओरडत राहतो, आणि शेवटी दोघांचेही बोलणे वाया जाते. सबब आज उपासनेहून परतल्यावर कागद हाती घेतला आहे. काल सफाळ्याच्या बाजारात आपल्या आळीतल्या वहिनी भेटल्या. त्या सकाळच्या गाडीने बोईसरला भाजी नेतात हे तुला ठाऊकच आहे. वजन करता करता त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुमचा पुतण्या आता हात ठेवून आजार बरे करतो म्हणे!” त्यांनी ते कौतुकाने सांगितले आणि मीही कौतुकानेच ऐकू लागलो, परंतु पुढची हकीकत ऐकताना हातातली पिशवी मला खाली ठेवावी लागली.

तुझ्या चाळीत राहणाऱ्या, क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्या एक बाई तुमच्या शुक्रवारच्या प्रार्थनेस आल्या, तू त्यांच्या मस्तकावर हात ठेवलास, त्यांना त्याच रात्री हलके वाटले, आणि त्या दिवसापासून गोळ्यांचे पाकीट फळीवर तसेच पडून आहे, असे वहिनींचे म्हणणे. ‘गोळ्या बंद करा’ असे तू स्वतः म्हणालास, की नुसते ‘विश्वास धरा’ म्हणालास आणि उरलेला अर्थ बाईंनी लावला, याबद्दल वहिनींनाच नीटसा उलगडा नव्हता. तू म्हणाला नसशील, असे मी रात्रभर स्वतःला बजावत होतो. पण न म्हणणे एवढ्याने तुझी जबाबदारी सरते काय? पाकीट फळीवर आहे हे तुला कळल्यावर तू काय केलेस, हा माझा प्रश्न आहे.

प्रार्थना केलीस यात तिळमात्र दोष नाही. दोष असेल तर तो पुढच्या स्वस्थतेत आहे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप उतरतो, अन्नाची चव परत येते, हे औषध लागू पडल्याचे लक्षण होय; जंतू निःशेष झाल्याचे नव्हे. सहा महिन्यांचा क्रम मध्येच तोडला तर मागे उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग तोच रोग अधिक हट्टी होऊन परततो व घरातल्या लेकरांपर्यंतही पोचतो. शाळेत चौथीच्या मुलांना मी हे फळ्यावर लिहून शिकवीत असे. ते आज एमआयडीसीत दहा वर्षे नोकरी केलेल्या पुतण्यास लिहून कळवावे लागते आहे.

तू म्हणशील, काका, पौलानेच बरे करण्याच्या कृपादानांचा उल्लेख केला आहे. केला आहे, आणि तो मला मान्य आहे. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय शेवटपर्यंत वाच. बरे करण्याच्या दानांच्या अगदी शेजारी, त्याच ओळीत, दुसऱ्यास साहाय्य करणे आणि कारभार पाहणे ही दानेही त्याने मांडली आहेत, आणि त्यांची मांडणी काही खालच्या पंगतीत केलेली नाही. त्या मंडळीत कोणाचे दान मोठे यावरून चुरस लागली होती, म्हणूनच बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांच्या मधोमध त्याने प्रीतीचा अध्याय घातला. दाने एका बाजूस, त्यांचा शिरस्ता दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये ही प्रीती, जिच्याखेरीज उरलेले सारे त्याच्या मते वाजणारे भांडे. आणखी एक गोष्ट ध्यानात घे. ज्या पौलाच्या हातून रोगी बरे झाले, त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, आणि लूक नावाचा वैद्य जवळ बाळगला. त्याला यात अविश्वास दिसला नाही. मग त्या बाईंच्या गोळ्यांत तुम्हांला तो का दिसावा?

आता आपल्या घरची गोष्ट. तुझी पणजी, म्हणजे माझी आजी, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावी आणलेल्या मुलींपैकी एक, हे तुला माहीत आहे. परंतु तिच्या तोंडून ती हकीकत ऐकलेला आता मी एकटाच उरलो आहे. 1905 च्या जूनअखेरीस पंडिता रमाबाईंच्या तेथील मुक्तिसदनात जे घडले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पहाटेच्या अंधारात एक मुलगी जागी झाली, आपल्यावर अग्नी उतरला आहे असे तिला भासले. तिच्या खोलीतल्या दुसरीने ते पाहिले, आणि खरोखरीच आग लागली असे समजून ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच तिला उमगले की ही आग पाण्याने विझणारी नव्हे. पुढे कित्येक दिवस त्या आवारात मुली रडल्या, पापे कबूल केली, तासन्‌तास प्रार्थना केल्या, आणि कालांतराने काही मुली पूर्वी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरील ज्या सभांचा तुमच्या मंडळात वारंवार दाखला दिला जातो, त्या 1906 च्या एप्रिलात सुरू झाल्या. केडगावचा अग्नी त्याच्या आधीचा. तेथल्या मिनी अब्राम्स बाईंनी त्यावर लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशापर्यंत पोचले आणि तेथील उज्जीवनास कारण झाले. तेव्हा आत्म्याच्या दानांवर आपल्या घराण्याचा विश्वास नाही, असे मात्र कोणापाशी म्हणू नकोस.

परंतु त्या अग्नीच्या मध्यभागी रमाबाई काय करीत होत्या? त्या इब्री व ग्रीक कोश उघडून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, जिच्या मुखी संस्कृत लहानपणापासून खेळत होते, तिने ते सारे वैभव बाजूस सारून खेड्यातल्या बाईला कळेल असे साधे शब्द वर्षानुवर्षे निवडले, आणि 1922 साली मरण येईपर्यंत ते काम सोडले नाही. मुलींना जे मिळाले ते रमाबाईंनी खरे मानले, परंतु अन्य भाषेचा अनुभव आपल्याला आल्याचा दावा त्यांनी स्वतः केला नाही. सदनातच छापखाना होता, मुलीच खिळे जुळवीत, आजीही त्यांतली. खिळ्यांवर अक्षर उलटे असते, त्यामुळे म्हातारपणीसुद्धा दुकानाची पाटी दिसली की ती उजवीकडून वाचू लागे आणि आम्ही हसत असू. ज्या मुलींनी पहाटे प्रार्थना केली, त्याच मुली दुपारी खिळे जुळवीत. या दोहोंत कोणते दान श्रेष्ठ, असा प्रश्न तिला कधी पडला नाही.

मला पडला; आणि येथून पुढचे लिहिताना हात जड होतो. मी एकवीस वर्षांचा असताना एका मंडपात तीन दिवसांच्या सभा भरल्या. माझ्या बरोबरीचे दोघेतिघे अन्य भाषेत बोलू लागले. मी मात्र गुडघ्यांवर कोरडा. तिसऱ्या रात्री मला ते सोसवेना. मी डोळे मिटले, हात उंचावले, आणि काही ध्वनी जोरजोरात उच्चारू लागलो; लोकांनी ‘स्तुती असो’चा गजर केला. तुझा बाप, माझा भाऊ, शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. परतीच्या गाडीत, डबा अर्धा रिकामा झाल्यावर, खिडकीबाहेर पाहत तो एवढेच म्हणाला, “तृतीया चुकली तुझी. रामाभ्याम्‌ दोनदा आलं.” बोर्डिंगात एकाच बाकावर बसून आम्ही ती शब्दरूपे पाठ केली होती. रमाबाईंनी लोकांना कळावे म्हणून संस्कृत सोडले. मी लोकांना कळू नये म्हणून ते वापरले.

येथेच संपते तर ती एक हसण्याची गोष्ट झाली असती. परंतु त्या रात्रीपासून माझे नाव झाले, आणि नाव झाल्यावर ते राखावे लागते. त्याच पावसाळ्यात आईच्या पोटात दुखू लागले. आजीने गाडी जुंपायला सांगितली होती, भाऊने उशी आणि कांबळे आत टाकले होते. मी उंबऱ्यावर उभा राहून म्हणालो, “मला सांगण्यात आलं आहे, आई उठेल.” मला कोणी काही सांगितले नव्हते. बैल सोडले गेले. पुढचे तुला ठाऊक आहे. आपल्या घरात ते कोणी बोलत नाही, परंतु ठाऊक सर्वांना आहे. तिसऱ्या दिवशी, कबरस्तानातून परत आल्यावर, आजीने मला पडवीत जवळ बसविले. केडगावची ती गोष्ट तिने मला शेकडो वेळा सांगितली होती, तिला एक शेपूट मात्र तिने त्या दिवशी जोडले: “आग खरी होती रे. पण जी बादली घेऊन धावली, ती मुलगीसुद्धा खोटी नव्हती.” त्यानंतर ती गोष्ट तिने मला पुन्हा कधी सांगितली नाही.

म्हणून विचारतो, बाळू, त्या गोळ्यांचे काय झाले?

वर मी फार कठोर लिहिले. खोडावेसे वाटते, पण खोडत नाही. मात्र तुझ्यात दान नाही असे मी म्हटले, असा ग्रह करून घेऊ नकोस. भाऊच्या शेवटच्या वर्षी आठवड्यातून दोनदा पहाटेच्या गाडीने तू त्याला मुंबईस नेत होतास. एका हातात त्याचा दंड, दुसऱ्या हातात कागदपत्रांची पिवळी पिशवी आणि डबा. रांगेत तू उभा राहावयाचास आणि तो बाकावर. नंबर जवळ आला की तू खूण करावयाचास आणि तो सावकाश उठावयाचा. एकदा मी बरोबर होतो. रांगेतल्या परक्या म्हातारीचा अर्जही तू भरून दिलास, आणि तिने तुझ्या गालाला हात लावला. तेव्हा मी मनात म्हटले होते की पौलाने ज्याला साहाय्य करणे म्हटले ते हेच असावे. तुला ते कधी सांगितले नाही. आमच्या पिढीला कौतुक तोंडावर करण्याची सवय नव्हती, याचा मला आता पस्तावा होतो.

तेव्हा एवढे कर. उद्याच रजा टाक, आणि त्या बाईंना घेऊन सरकारी दवाखान्यात जा. किती दिवस गोळ्या चुकल्या ते डॉक्टरांना खरे सांग; लपवू नकोस आणि बाईंनाही लपवू देऊ नकोस. त्यांच्या वतीने रांगेत तू उभा राहा. मग संध्याकाळी त्यांच्या घरी बसून हवी तेवढी प्रार्थना कर. मीही येथे त्याच वेळी करीन. तुझे मंडळ हसले तर हसू दे.

काकू म्हणते, तू आलास की तुला आवडणारे सुकटीचे कालवण करीन. रविवारी दुपारच्या गाडीने ये, केळवे रोडला उतरलास तरी मी रिक्षा घेऊन थांबतो. यायला जमले नाही तर रागावणार नाही. परंतु गोळ्या सुरू झाल्या, एवढे दोन शब्द मात्र उद्या रात्रीपर्यंत कळव. मी जागा असेन.

तुझा
काका