आधी धारवाला शोधा, मग कात्री घ्या

सलूनसाठी कात्री घ्यायला निघालेला माणूस थेट दुकान गाठतो. काउंटरवर दहा कात्र्या मांडल्या जातात, त्यातली चकचकीत एखादी हातात बसते आणि व्यवहार होतो. माझं सांगणं उलट आहे. नवी कात्री जरा बरी असली तरी पहिले काही महिने चांगलीच चालते. तिचा कस लागतो तो पहिल्यांदा धार लावून आल्यावर. म्हणून पैसे मोजण्याआधी आपल्या गावात, तालुक्यात किंवा कुरियरने पोचता येईल अशा शहरात केसांच्या कात्रीला नीट धार लावणारा माणूस कोण आहे, ते शोधा. कुठली कात्री घ्यायची याचं निम्मं उत्तर त्याच्याकडेच मिळतं.

धारवाल्याकडे

केसांच्या कात्रीच्या धारेचे मुख्य प्रकार दोन. पहिली बेव्हल. हिच्यात पात्याच्या कडेला सरळ उतार दिलेला असतो आणि पुष्कळदा एका पात्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील इतके बारीक दाते पाडलेले असतात. जर्मन पद्धतीच्या कात्र्या बहुधा अशा असतात. ते दाते केस धरून ठेवतात, निसटू देत नाहीत, त्यामुळे सरळ रेषेत कापायला आणि नवशिक्या हाताला ही धार सोयीची. दुसरी कॉन्व्हेक्स, म्हणजे जपानी पद्धत. पात्याची बाहेरची बाजू धारेपर्यंत गोलाई घेत उतरते आणि आतली बाजू किंचित खोलगट घासलेली असते. ही जास्त तीक्ष्ण, जवळजवळ आवाज न करणारी. केसांवरून घसरवत कापायचं, म्हणजे स्लाइड कटिंग करायचं असेल, तर हीच लागते. बेव्हलचे दाते तिथे केस ओढतात आणि गिऱ्हाईक मान आक्रसून घेतं.

आता गोम अशी, की कॉन्व्हेक्स कात्री सुरी-विळीच्या फिरत्या चाकाला लावली की ती गोलाई जाते. ठिणग्या उडाल्या म्हणजे कडेचं पोलाद तापलं, आणि फार तापलं की त्याचा कठीणपणा उतरतो. मग दर काही दिवसांनी धार लावत बसावं लागतं आणि पातं झिजत जातं.

धारवाल्याला दोन प्रश्न विचारा. कॉन्व्हेक्स धार कशावर लावता? पाण्याच्या दगडावर किंवा खास सपाट चकतीवर, पोलाद तापू न देता, असं उत्तर यायला हवं. आणि आतली बाजू किती घासता? ‘आतून फक्त हलका हात फिरवतो’ हे बरोबर उत्तर. ‘दोन्हीकडून मस्त घासून देतो’ असं म्हणाला, तर त्याच्या हातात कॉन्व्हेक्स कात्री देऊ नका, कारण आतली खोलगट बाजू सपाट झाली की पाती एकमेकांना नुसती घासत राहतात. त्याने धार लावलेली एखादी कात्री बघायला मागा. कारागीर माणूस ती कौतुकाने दाखवतो.

असा माणूस जवळपास नसेल तर दोन वाटा. एक, कात्री मोठ्या शहरात पाठवायची आणि ती येईपर्यंत चालवायला दुसरी तेवढीच चांगली कात्री ठेवायची. दुसरी, बेव्हल धारेची चांगली कात्री घ्यायची. पुरुषांची कटिंग हेच मुख्य काम असेल तर ही दुसरी वाट मला जास्त पसंत आहे. धार जाऊन ड्रॉवरमध्ये पडलेल्या महागड्या कॉन्व्हेक्सपेक्षा रोज नीट चालणारी बेव्हल कधीही बरी.

काम आणि माप

दुकानात जायच्या आधी आठवड्याभरात आपण काय काय कापतो, ते वहीत लिहा. कंगव्यावर कात्री चालवून कान-मान उतरवायचं काम जास्त असेल तर साडेसहा ते सात इंचांची कात्री हवी. पातं लांब असलं की कंगव्याची बरीच लांबी एका दमात कापली जाते आणि फेडमध्ये पायऱ्या पडत नाहीत. बोटांच्या चिमटीत बट धरून लेयर, स्टेप, बॉब हे जास्त असेल तर साडेपाच ते सहा इंच. त्याहून लहान कात्री बारीक कामाला, टोकाने पॉइंट कटिंग करायला बरी. पण ती एकच कात्री घेऊन दुकान चालवायचं म्हटलं तर हात वाया जातो. दोन्ही कामं सारखी असतील आणि कात्री एकच घ्यायची असेल तर सहा इंच घ्या.

इंचांचा हा आकडा टोकापासून लांब बाजूच्या कडीच्या शेवटापर्यंत मोजतात. करंगळी टेकवायचा मागचा टेकू त्यात धरत नाहीत. दुकानदार सहा म्हणत असेल तर पट्टीवर साधारण पंधरा सेंटिमीटर भरलं पाहिजे. चिमटीतल्या कामाच्या कात्रीसाठी एक सोपी खूण: पातं आपल्या मधल्या बोटावर ठेवून बघा. लांबी जवळपास बोटाइतकी असली की टोक कुठे आहे ते न बघताही हाताला कळतं. पातं बोटापुढे फार गेलं तर दुसऱ्या हाताची कातडी कापायची भीती.

हातात धरून

कात्री अनामिकेने धरायची आणि अंगठ्याने चालवायची. अंगठा कडीत नखाच्या मुळापर्यंतच जातो. तो सांध्यापर्यंत आत घुसला की मनगट वाकायला लागतं, आणि दिवसभर वाकलेलं मनगट संध्याकाळी दुखतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येतात. या धंद्यातल्या पुष्कळांना ते दुखणं ठाऊक आहे.

म्हणून दोन्ही कड्या समोरासमोर असलेली जुन्या घडणीची कात्री दिवसभराच्या कामाला मी सुचवत नाही. तिच्यात अंगठा पुढे ताणावा लागतो. ऑफसेट घडणीत अंगठ्याची कडी आखूड असते, अंगठा आपल्या जागी राहतो आणि पंजा मोकळा राहतो. क्रेन घडणीत मागचा दांडा आणखी खाली वळवलेला असतो, त्यामुळे कोपर वर उचलावं लागत नाही; उंच खुर्चीवर काम करणाऱ्यांनी आणि खांदा दुखणाऱ्यांनी ती हातात घेऊन बघावी. अंगठ्याची कडी गोल फिरणारी स्विव्हल कात्री मनगटाला सर्वांत आरामाची, पण तिची सवय व्हायला वेळ लागतो.

धरून बघताना फक्त अंगठा हलवून सावकाश उघडझाप करा. खालचं पातं जागचं हलता कामा नये. कडी सैल वाटली तर आत बसवायची रबरी रिंग मिळते. घट्ट वाटली तर मात्र ती कात्री सोडा.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डावखुऱ्याच्या कात्रीत पातीच उलटी बसवलेली असतात. नुसत्या कड्या डाव्या हाताला साजेशा करून ‘दोन्ही हातांना चालते’ म्हणून विकतात, ती घेऊ नका. उजवी कात्री डाव्या हातात घेतली की अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर जातात आणि केस कापला जाण्याऐवजी दुमडतो. शिकाऊ मुलगा डावखुरा असेल तर त्याचा हात वाईट आहे असं ठरवण्याआधी त्याच्या हातातली कात्री बघा.

पोलाद

पात्यावर ‘जपानी स्टील’ किंवा ‘जर्मन स्टील’ एवढंच कोरलेलं असेल तर त्यावरून काही ठरत नाही. विचारायचा तो पोलादाचा प्रकार. रोजच्या धंद्यासाठी ४४०सी हा चांगला पाया आहे. त्यात कार्बन साधारण एक टक्का असतो, त्याने धार टिकते, आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं, त्याने गंज अडतो. त्याच्या वर व्हीजी-१०, हे जपानमधलं कोबाल्ट मिसळलेलं पोलाद. ते जरा जास्त कठीण करता येतं आणि दोन धारांमधलं अंतर वाढतं. ४२० जातीच्या पोलादात कार्बन बराच कमी असतो, ते लवकर बोथटतं. शिकायला घेतलेली पहिली कात्री तशी असली तर हरकत नाही, धंद्याची नको. प्रकाराचं नाव बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कांकूं करत असेल तर तेच उत्तर समजा.

जर्मनीतल्या सोलिंगेन गावाचं नाव पात्यावर असेल तर गोष्ट वेगळी. सुऱ्या-कात्र्यांसाठी हे गाव शतकानुशतकं ओळखलं जातं आणि ते नाव कुणी वापरायचं यावर जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे. पण नक्कल करणाऱ्याला कायदा आडवा येत नाही, तेव्हा असा माल अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. आपल्याकडच्या मेरठच्या कात्रीलाही २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भंगारातलं पोलाद घडवून कात्र्या करायची तिथली परंपरा फार जुनी, पण ती नावाजली मुख्यतः कापडाच्या कात्रीसाठी. केसांची कात्री घेताना नुसत्या मेरठच्या नावावर जाऊ नका, पुढची परीक्षा तिलाही लावा.

लोहचुंबकाबद्दल एक गैरसमज पसरला आहे. चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नकली, असं काही जण सांगतात. तो भांड्यांचा हिशोब आहे. कात्रीचं कठीण केलेलं स्टेनलेस पोलाद चुंबकाला चिकटतंच. साध्या किमतीच्या कात्रीला चुंबक मुळीच चिकटला नाही, तर त्या पात्याला धार टिकण्याची आशा ठेवू नका.

दुकानातली परीक्षा

इथे घाई करू नका. बरोबर टिश्यू पेपर आणि पाण्याची लहान बाटली न्या. तुमचे दुकानदार जुने ओळखीचे असले तरी न्या.

आधी नजर. कात्री मिटून उजेडासमोर आडवी धरा. पाती टोकाशी टेकलेली आणि मध्ये केसभर फट, असं दिसलं पाहिजे. ही फट दोष नाही. पात्यांना मुद्दाम किंचित बाक दिलेला असतो, म्हणून कापताना ती एका वेळी एकाच जागी भेटतात आणि तो बिंदू मुळापासून टोकाकडे सरकत जातो. फट अजिबात नसेल तर पाती सबंध लांबीवर घासतात. मिटल्यावर टोकं एकमेकांवर चढत असतील किंवा एक पुढे गेलं असेल तर कात्री बाजूला ठेवा. मग उघडून आतली बाजू बघा. धारेच्या कडेने एक बारीक चकाकती पट्टी दिसते, तिच्यावरच दोन्ही पाती टेकून चालतात. ती मुळापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीची हवी. मध्येच जाड, मध्येच नाहीशी, म्हणजे घासणाऱ्याचा हात कच्चा.

मग स्क्रू. अनामिकेची कडी डाव्या हातात धरा, टोक वर करा, दुसरी कडी उचलून पाती काटकोनात उघडा आणि सोडून द्या. सुटलेलं पातं सावकाश येऊन साधारण एक तृतीयांश उघडं असताना थांबलं पाहिजे. धाडकन मिटलं तर स्क्रू सैल, जागचं हललंच नाही तर घट्ट. हे तिथल्या तिथे स्क्रू फिरवून सुधारता येतं, म्हणून एवढ्यावरून कात्री नाकारू नका. पण अर्धवट उघडी धरून पाती आडवी हलवल्यावर खटखट लागत असेल आणि स्क्रू नीट बसवल्यावरही ती जात नसेल, तर नाकारा.

कान लावून एकदा सावकाश मिटा. कॉन्व्हेक्स कात्रीत ‘खर्र’ असा आवाज येता कामा नये. बेव्हलच्या दातांचा बारीक आवाज येतो, तो सबंध लांबीवर एकसारखा असला म्हणजे झालं. अंगठ्याला मध्येच कुठे अडकल्यासारखं जाणवलं तर तिथे कडेला खोच आहे. रिकामी कात्री हवेत खटाखट वाजवत मात्र बसू नका, त्याने धार झिजते. दुकानात कुणी तशी वाजवून दाखवत असेल तर त्याच्या हातातली ती नकोच.

आता टिश्यू. त्याचा एक पदर पाण्याने ओला करा, लोंबता धरा आणि मुळापासून टोकापर्यंत एकाच संथ मिटणीत कापा. चिरलेली कड स्वच्छ हवी. कागद पात्यांत दुमडला, ओढला गेला किंवा कडेला तंतू राहिले, तर धार नाही. कोरडा कागद काय, बोथट कात्रीही कापते. ओला कागद लबाडी उघडी पाडतो. शेवटी फक्त टोकाच्या अर्ध्या सेंटिमीटरने दोन-तीन बारीक काप द्या. कानामागचं आणि कल्ल्याचं काम याच टोकाने होतं, आणि कच्च्या कात्र्या नेमक्या इथेच हरतात.

पैसे आणि जोडीची कात्री

चार-पाच नगांच्या चकचकीत सेटमध्ये पैसे घालण्यापेक्षा एक चांगली कात्री आणि एक थिनिंग घ्या. थिनिंगमध्ये तीस ते चाळीस दात्यांची, एकच पातं दातेरी असलेली घ्या, तिने सगळी नेहमीची कामं होतात. सात ते पंधरा रुंद दात्यांची कात्री एकेका मिटणीला भसकन केस काढते आणि चूक लपत नाही. हात बसल्यावरच तिच्या वाटेला जा.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवसापासून ही कात्री फक्त केसांसाठी. शाम्पूचं पाऊच, रंगाचं पाकीट, ॲप्रनची दोरी यांना जुनी कात्री दुकानात बांधून ठेवा. दाढी-मिशीच्या राठ केसांनाही जुनीच. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर मऊ कापडाने पाती पुसा, मुळाकडून टोकाकडे, मग सत्तर टक्के स्पिरिटने. जंतुनाशकाच्या भांड्यात रात्रभर बुडवून ठेवू नका, आणि ब्लीच किंवा केसांचा रंग लागला तर लगेच धुऊन कोरडी करा, कारण उत्तम स्टेनलेसलाही त्याने डाग पडतात. रात्री कात्री उघडून स्क्रूशी अडकलेले केस काढा, तेलाचा एक थेंब सोडा, पाती दोनदा हलवा आणि मिटून पेटीत ठेवा. नवी कात्री वापरताना स्क्रू थोडा सरकतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस सकाळी पातं सोडून बघायची ती परीक्षा रोज करा.

कात्री फरशीवर पडली तर उचलल्या उचलल्या मिटू नका. पडताना कडेला खोच पडली असेल तर मिटताना ती समोरच्या पात्यालाही घासून जाते आणि एकाची दोन खराब होतात. उघडी धरून उजेडात धार बघा. खोच असेल तिथे प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो. ठिपका दिसला तर ती तशीच उघडी कापडात गुंडाळून धारवाल्याकडे पाठवा आणि खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्या कात्रीने पुरं करा.