पेशींसाठी ग्राफीन अंथरताना

पोरी, पावण्याच्या एमआयडीसीत तुझी प्रयोगशाळा सुरू होतेय, आणि पहिलंच काम ग्राफीनच्या थरावर मूलपेशी वाढवून त्यांना हाडाकडे वळवायचं, हे ऐकून फार बरं वाटलं. मोठ्या गोष्टी तुझे सर सांगतील. बारीकसारीक मी सांगते. आत्याचा तेवढा हक्क समज.

१. ग्राफीन ऑक्साइड स्वतः बनवणार असशील, तर बर्फात ठेवलेल्या आम्लाच्या भांड्यात परमँगनेट चिमटी-चिमटीनं घाल आणि तापमान २० अंशांच्या आत ठेव — हमर्सची ही रीत १९५८ पासून चालत आलीय, पण त्यात बनणारं मँगनीजचं ऑक्साइड तापलं की स्फोट होतो.

२. धू, आणि धुऊन झालं असं वाटलं की पुन्हा धू. डायलिसिसची पिशवी पाण्यातून काढायची घाई नको — उरलेलं आम्ल आणि मँगनीज पेशींना मारतं आणि आळ ग्राफीनवर येतो. अर्धं धुणं, दुप्पट रडणं.

३. वापरलेलं आम्ल सिंकमध्ये ओतू नकोस. कॅनवर नाव-तारीख घालून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जाऊ दे — इथल्या नाल्यांनी आधीच पुष्कळ सोसलंय.

४. ऑक्साइडचं क्षपण करायला हायड्राझीनकडे हात जाण्याआधी क जीवनसत्त्व वापरून बघ — हायड्राझीन विषारी, आणि त्याचा अंश मागे राहिला तर पेशींची तक्रार तुलाच ऐकावी लागेल.

५. बाटलीवर नुसतं ‘ग्राफीन’ लिहून मोकळी होऊ नकोस. ऑक्साइड की क्षपित, थर किती, तुकडे केवढे, कधी बनवलं, सगळं लिही — २०११ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांना दिसलं, की साध्या ग्राफीनला चिकटलं की इन्सुलिनची घडी मोडते, आणि मूलपेशींचं चरबीच्या पेशींत होणारं रूपांतर अडतं. ग्राफीन ऑक्साइडवर मात्र ते सुरळीत चालतं. उलट, हाडाकडे वळवायला घातलेलं डेक्सामेथासोन ग्राफीन आपल्यापाशी साठवून ठेवतं, म्हणून तिथे हाडाचं काम वेगानं होतं. आडनाव एक, पण नांदणं वेगळं.

६. वहीत सीरमची बॅचसुद्धा टिपून ठेव — सीरममधली प्रथिनं पृष्ठभागावर आधी जाऊन बसतात आणि पेशीचा पाय त्यांच्यावर पडतो. मग बॅच बदलली की निकाल बदलतो, आणि तू आठवडाभर ग्राफीनकडे रागानं बघत बसतेस.

७. पेशी जिवंत आहेत का हे बघायला एकट्या एमटीटीवर विसंबू नकोस — ग्राफीन स्वतःच एमटीटीचा पिवळा रंग जांभळा करतं, त्यामुळे मेलेल्याही जिवंत मोजल्या जातात. जोडीला डब्ल्यूएसटी-८ किंवा ट्रिपॅन ब्लू घे, आणि पेशी न घालता नुसतं ग्राफीन असलेली एक वेल प्रत्येक प्लेटमध्ये ठेव. रिकामी वेल, खरं बोलेल.

८. २१ दिवसांनी अलिझारिन रेडनं लाल झालं म्हणून लगेच पेढे आणू नकोस. त्या रिकाम्या वेललाही रंग लाव आणि हाडाची जनुकं जागी झालीत का ते तपास — कॅल्शियम नसतानाही ग्राफीन रंग धरून ठेवू शकतं.

९. मूलपेशींना हात लावण्याआधी पुण्याच्या एनसीसीएसमधून एखादी साधी सेल लाइन मागवून हात बसव — नाळेतून काढलेल्या मूलपेशी थोड्या असतात, आणि पासेज वाढत गेले की थकतात.

१०. ऑटोक्लेव्हमधून काढलं म्हणजे सगळं निर्धोक झालं असं नाही — जंतू मरतात, पण त्यांचं एंडोटॉक्सिन उरतं आणि पेशींना बिथरवतं. शिवाय १२१ अंशांच्या वाफेत ग्राफीन ऑक्साइडचा स्वभावही बदलू शकतो, म्हणून वाफवल्यावर ते पुन्हा तपास.

११. पुठ्ठ्याची खोकी, छत्री आणि चपला कल्चर रूमच्या बाहेर — पावसाळ्यात ओल्या पुठ्ठ्यावरची बुरशी इन्क्युबेटरपर्यंत पोचायला पास लागत नाही.

१२. शनिवारी निघताना कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा काटा बघ — तो संपायला नेमका रविवारच निवडतो.

१३. नाळ आणायची तर आधी आईची लेखी संमती आणि संस्थेच्या मूलपेशी समितीची मंजुरी — आयसीएमआर-डीबीटीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात, आणि कागद मागाहून जुळवायला गेलं की माणसं खोटं बोलायला शिकतात.

१४. शेजारच्या काकू गुडघ्यासाठी ‘तुझ्याकडचं ते काळं औषध’ मागतील, तेव्हा गोड शब्दांत नाही म्हण — आपल्याकडे रक्ताच्या मूलपेशींचं ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचे बाकीचे उपचार मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत. तुझं ग्राफीनचं काम तर अजून प्रयोगशाळेतच आहे. त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठव, आणि काकूंनी दिलेले डिंकाचे लाडू डेस्कवर ठेवू नकोस, मुंग्या येतात.